दोष सांगणारा आणि दोषी

आरोप म्हणजे दोष नव्हे, हे वाक्य आम्ही वकील मंडळी इतक्या वेळा उच्चारतो की त्याचा अर्थ आमच्या स्वतःच्याच कानांपर्यंत पोचेनासा झाला आहे. न्यायालयात ते अशिलाच्या बचावासाठी कामास येते. पायऱ्या उतरून घरी आलो की काळ्या कोटाबरोबर तेही खुंटीवर टांगले जाते. मग घरात, कचेरीत आणि चव्हाट्यावर आम्हीही चारचौघांसारखेच वागतो. ज्याचे नाव प्रथम कानी पडले तो दोषी, आणि ज्याने वाईट बातमी आणली तो तर त्याहूनही दोषी, असा आमचा व्यवहारातील पुराव्याचा कायदा आहे. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या मोटारीने आम्हांस या कायद्याची फेरतपासणी करावयास लावले. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. हकीकत यंत्राची असली तरी प्रश्न नीतीचा आहे, आणि शेवटी आम्हांस स्वतःविरुद्धही एक साक्ष द्यावयाची आहे.

आमची गाडी अकरा वर्षांची. गिअर आपले आपण बदलणारी. उन्हाळ्यात एके दिवशी इंजिनाच्या पाण्याची रबरी नळी वाटेत फुटली. तापमानाचा काटा वर चढत असलेला आम्ही पाहिला होता. पण अकरा वाजता न्यायालयात उभे राहावयाचे होते, म्हणून आणखी पाच-सहा किलोमीटर गाडी तशीच दामटली. इंजिन कायमचे निकामी झाले. हा अपराध निखालस आमचा. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. कोरे इंजिन घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याच जातीच्या, मागून ठोकर बसून मोडीत निघालेल्या गाडीचे इंजिन विकत घेतले आणि बेळगावातील एका गॅरेजने ते आमच्या गाडीत चढविले. इंजिनाचा क्रमांक नोंदणीच्या प्रमाणपत्रावर असतो. इंजिन बदलले की मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. तेही आम्ही केले. कागदोपत्री नव्या इंजिनाचा गृहप्रवेश यथाविधी पार पडला.

इंजिन बदलल्यावर गाडी तीच राहिली की दुसरी झाली, हा प्रश्न थीसिअसच्या जहाजाच्या निमित्ताने ग्रीकांनी पुष्कळ चघळला आहे. एकेक फळी बदलत गेलेले जहाज मूळचेच म्हणावे काय, असा तो वाद. आमच्या वाट्यास आलेला प्रश्न त्याहून साधा, पण अधिक बोचणारा होता. घरात नवा माणूस आला, काही दिवसांत भांड्यास भांडे लागू लागले. आता दोष नव्याचा, की जुन्याचा, की आणखी कोणाचा?

पंधरवडा लोटला नाही तोच एका पावसाळी संध्याकाळी समोरच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली. ना वर जाई, ना खाली येई. अशा वेळी गिअरबॉक्सचा संगणक आपल्याकडची माहिती विश्वासार्ह नाही असे ठरवून सर्व कारभार आवरता घेतो आणि मालकाला कसेबसे घरी पोचता येईल एवढीच चाल शिल्लक ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली. गॅरेजवाल्यांनी स्कॅनर जोडला, चार-पाच कोड वाचले, पुसले, आणि दिवा विझवून गाडी परत दिली. आठवड्याने पुन्हा तेच. या वेळी निकाल लागला : गिअरबॉक्स आतून गेला आहे, अकरा वर्षांचा आहे, आता काय अपेक्षा करावयाची, नवा बसवा, खर्च दीड लाखाच्या घरात.

हे कोड म्हणजे काय, हे थोडे सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून प्रवासी मोटारींना स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवणारी एक ठराविक पद्धत सक्तीची झाली; भारतात ती भारत स्टेज ४ च्या मोटारींना २०१३ पासून लागू झाली. या नोंदी आमच्या कायद्यातील कलमांसारख्या क्रमांकाने ओळखल्या जातात. आरंभी पी हे अक्षर असेल तर मामला इंजिनाचा अथवा गिअरबॉक्सचा. यू असेल तर मोटारीतील निरनिराळ्या संगणकांच्या आपसांतील बोलण्याचा. पुढचे शून्य हा क्रमांक सर्व कंपन्यांना सामाईक असल्याचे सांगते, आणि पी च्या कोडात त्यानंतर ७ आला की तक्रार गिअरबॉक्ससंबंधी आहे असे समजावे. आमच्या गाडीने पाच कलमे लावली होती : पी ०७००, पी ०७१५, पी ०७२०, यू ०१०० आणि यू ०१०१.

यांपैकी पी ०७०० हा कोड फार बोलका वाटतो. वस्तुतः तो ऐकीव पुरावा आहे. इंजिनाचा संगणक त्यात एवढेच म्हणतो की, गिअरबॉक्सच्या संगणकाने मला दिवा लावावयास सांगितले. काय बिघडले ते त्याने स्वतः पाहिलेले नसते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा असावा, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील कलम ६० मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणजे पी ०७०० वाचून गिअरबॉक्स उतरविणे हे, 'शेजारी म्हणत होता' एवढ्यावर फाशी देण्यासारखे आहे. ज्याने पाहिले त्या साक्षीदाराकडे, अर्थात गिअरबॉक्सच्या संगणकाकडे, जाऊन त्याचे म्हणणे वाचले पाहिजे.

पी ०७१५ आणि पी ०७२० हे ते म्हणणे. गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या फेऱ्यांची गती एक सेन्सर मोजतो, बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांची गती दुसरा मोजतो. पहिला कोड आतल्या गतीचा, दुसरा बाहेरच्या. परंतु दोन्हींच्या अधिकृत व्याख्येत 'सेन्सर' या शब्दापुढे 'सर्किट' असा आणखी एक शब्द आहे, आणि घाईच्या वाचनात तो गिळला जातो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तारा, तारांचे सांधे, वीज परत जाण्याची वाट आणि ते सर्व ऐकणारा संगणकाचा कान, इतक्यांची साखळी. कोड सांगतो, 'या साखळीतून मला अपेक्षित संकेत मिळाला नाही.' ऐकणारा त्याचे भाषांतर करतो, 'सेन्सर मेला'. आणि त्याच्यापुढचा करतो, 'गिअरबॉक्स मेला.' एका वाक्याचा असा तीन पायऱ्यांत निकाल होतो, आणि प्रत्येक पायरीवर मूळ साक्षीदाराने न उच्चारलेले काहीतरी त्याच्या तोंडी घातले जाते. साक्षीदार खोटे बोलला नाही. आम्ही त्याचे ऐकले नाही.

उरलेल्या दोन कोडांकडे वकिलाचे लक्ष लवकर जावयास हवे होते, आणि ते गेले नाही याची आम्हांस लाज वाटते. यू ०१०० मध्ये गिअरबॉक्सचा संगणक म्हणतो, 'इंजिनाचा संगणक मला ऐकू येत नाही.' यू ०१०१ मध्ये इंजिनाचा संगणक म्हणतो, 'गिअरबॉक्सचा मला ऐकू येत नाही.' बांधावरून भांडलेले दोन भाऊ एकाच दिवशी एकाच ठाण्यावर जाऊन परस्परांविरुद्ध फिर्याद देतात, तसा हा प्रकार. असे दोन कागद एकत्र आले की अनुभवी वकील कोणत्याही भावाच्या घरी न जाता प्रथम बांध पाहावयास जातो. आम्ही मात्र थोरल्या भावाला, म्हणजे वयाने जुन्या गिअरबॉक्सला, घराबाहेर काढण्याच्या तयारीला लागलो होतो.

निर्णय लांबणीवर टाकून आणि कोड पुन्हा पुसून घेऊन आम्ही कामासाठी पणजीस निघालो. जांबोटी, कणकुंबी मागे टाकली. चोर्ला घाटात अंधार, पाऊस आणि धुके. गाडीचे सर्व दिवे, काचेवरचे वायपर, मागच्या काचेचा हीटर आणि आतला पंखा चालू. पहिल्याच तीव्र वळणावर दिवा लागला आणि गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरला खिळली. सरपटत घाट उतरून साखळीस पोचलो. ओळखीच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एका मेस्ताकडे नेले. पत्र्याची शेड, भिंतीवर सेंट अँथनीची तसबीर, वयाने साठीकडे झुकलेले गृहस्थ. आम्ही स्कॅनरची अपेक्षा केली होती. त्यांनी प्रथम टेबलावरची शाळकरी वही उघडली आणि विचारले, "हालींच गाडयेक कितें केलां, वकीलबाब?"

हा प्रश्न आम्ही उलटतपासणीत शेकडो साक्षीदारांना घातला आहे : त्यापूर्वी काय घडले होते? पण आम्हांस तो कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही सांगितला नव्हता. इंजिन बदलल्याचे सांगितले. मग एकेक प्रश्न आला. बिघाड दिवसा होतो की रात्री? पावसात की कोरड्यात? त्या वेळी दिवे चालू होते काय? सकाळी गाडी सुरू करताना आवाज पूर्वीसारखा येतो की जड येतो? या शेवटच्या प्रश्नाने आम्ही चमकलो. इंजिन बदलल्यापासून सकाळी स्टार्टर किंचित दमल्यासारखा फिरत असे. आम्ही बॅटरीचे वय झाले असे मनाशी म्हटले होते. साक्ष रोज सकाळी आमच्या कानावर पडत होती. तिला क्रमांक नव्हता, म्हणून आम्ही ती साक्ष मानली नव्हती.

नंतर स्कॅनर लागला. मेस्तांनी कोड वहीत उतरवले. आणि पहिल्या वेळचे कोड पुसले म्हणताच त्यांनी केवळ मान हलविली. त्या हलविण्याचा अर्थ पुढे कळला. काही बिघाडांच्या नोंदीबरोबर गाडीचा संगणक त्या क्षणाचे एक चित्रही जपून ठेवतो : वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापले होते. कोड पुसला की ते चित्रही पुसले जाते. म्हणजे दिवा विझविण्याच्या नादात गुन्ह्याच्या जागेचा पंचनामाच फाडून टाकलेला. 'ग्राहकाला दिवा नको असतो,' असे गॅरेजवाले म्हणाले होते, आणि ते खरे होते. आम्हांस दिवाच नको होता.

"कोड 'कितें दिसलें' तें सांगता, वकीलबाब, 'कोणें केलें' तें सांगना," मेस्त म्हणाले. काय दिसले एवढेच कोड सांगतो, कोणी केले ते सांगत नाही. आमच्या पुराव्याच्या कायद्यावरील जाडजूड ग्रंथांतून याहून स्वच्छ वाक्य आम्ही वाचल्याचे आठवत नाही.

पुढील तपास ज्या क्रमाने झाला तो क्रमच शिकण्यासारखा आहे. जे सोपे, स्वस्त आणि काही न मोडता तपासता येते ते आधी. जे उघडल्याशिवाय दिसत नाही ते शेवटी. गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहिली, कारण इंजिन उतरविताना तेल सांडते आणि ते पुन्हा पुरते भरले जातेच असे नाही. पातळी ठीक निघाली. मग दोन संगणकांतील बोलण्याच्या तारा तपासल्या. या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून दोन्ही तारांमध्ये मोजले तर आकडा ६० च्या आसपास यावा. तो ६० आला. अर्थात बोलण्याचा रस्ता शाबूत होता. दोन्ही सेन्सरांची जोडणी उपसून पाहिली. पिना सरळ, स्वच्छ. आतापर्यंत तीन संशयित निर्दोष सुटले होते, आणि गिअरबॉक्सला अद्याप कोणी हातही लावला नव्हता.

मग मेस्तांनी इंजिन सुरू करावयास सांगितले. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरे गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर टेकविले. ही दोन ठिकाणे विजेच्या दृष्टीने एकच असावयास पाहिजेत. फार तर ०.१ ते ०.२ व्होल्टचा फरक चालतो. दिवे बंद असताना आकडा लहान होता. मग एकेक करून दिवे, पंखा, वायपर, मागचा हीटर चालू केला, आणि आकडा चढत चढत ०.९ वर गेला. त्यांनी इंजिनाला हाताने हिसका दिला. आकडा नाचू लागला. चोर्ला घाटातली रात्र त्या शेडमध्ये दिवसाढवळ्या उभी राहिली.

दोषी सापडला तो इंजिनातही नव्हता आणि गिअरबॉक्समध्येही नव्हता. गाडीच्या सांगाड्यापासून गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत जाणारी, तांब्याच्या तारा विणून केलेली अर्थिंगची एक वीतभर पट्टी असते. स्टार्टरची शंभराहून अधिक अँपिअरची वीज याच वाटेने परत येते, आणि इंजिनावरील डायनॅमोने बनविलेल्या विजेचा फेराही याच वाटेने पुरा होतो. इंजिन चढविताना गॅरेजमधील कोणा हौशी कारागिराने आतील गंजलेले कंस काळ्या रंगाने सुबक रंगविले होते, आणि पट्टीचा बोल्ट त्या रंगावरच आवळला होता. रंग विजेला वाट देत नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जो स्पर्श राहिला होता, त्यावर गाडी दिवसा निभावून नेत होती. रात्री पावसात सर्व दिवे लागले आणि वळणावर इंजिन हलले की स्पर्श तुटत होता. गिअरबॉक्सच्या संगणकाची अर्थिंगही आमच्या गाडीत त्याच धातूवर होती. पायाखालची जमीनच हलली म्हटल्यावर त्याला ना सेन्सर धड ऐकू येत होते, ना इंजिन. त्याने जे दिसले ते सांगितले. कंसावरचा रंग खरवडून बोल्ट आवळला, आकडा ०.१ च्या खाली आला. स्टार्टर पूर्वीसारखा फिरला. तेव्हापासून हे पाचही कोड परत आलेले नाहीत.

येथे यंत्राची हकीकत संपते आणि आमचा प्रश्न सुरू होतो. इंजिन चांगले, गिअरबॉक्स चांगला, कारागीर दुष्ट नव्हे. किंबहुना रंग देणाऱ्याचा हेतू चांगलाच. मग दोष कोठे राहत होता? तो सांध्यात राहत होता. एखाद्या व्यवस्थेत नवे काही आणले की आमचे लक्ष नव्या वस्तूकडे जाते किंवा जुन्या वस्तूकडे जाते. दोहोंना जोडण्यासाठी जे दहा सांधे सोडविले आणि पुन्हा बांधले, त्यांच्याकडे जात नाही. कधी तो सांधा धातूचा असतो, कधी भाषेचा. अमेरिकेत इंजिने बदलण्याची हौस फार. तेथे जनरल मोटर्सच्या एका लोकप्रिय इंजिन-कुळात आधीच्या पिढीचा क्रँकशाफ्ट एका फेऱ्यास २४ संकेत देई, आणि नंतरच्या पिढीत ही पद्धत बदलून ५८ ची आली. एका पिढीचे इंजिन दुसऱ्या पिढीच्या संगणकाला जोडले तर दोघेही निर्दोष असून गाडी सुरू होत नाही. एक सांगतो ते दुसऱ्याच्या लिपीत नसते. अशा इंजिनाला सदोष म्हणणे म्हणजे कन्नड न समजणाऱ्याने कन्नड बोलणाऱ्यास मुका म्हणण्यासारखे आहे. आणि सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांना या चुकीची दोन्ही बाजूंनी चांगली ओळख आहे.

सांध्याची दुसरी अडचण अशी की त्याला तोंड नसते. सेन्सरला कोड आहे, संगणकाला कोड आहे. तांब्याच्या पट्टीला नाही. त्यामुळे सांधा दुखला की ओरडतो तो त्याच्या शेजारचा, ज्याला तोंड आहे तो. आणि ओरडणारा हाच रोगी, अशी आमची समजूत असते. आपल्या नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास शिकविले, तसेच दुरून दिसणारे बाष्प धूर समजण्याच्या चुकीचा इशाराही देऊन ठेवला. चोर्ला घाटात आषाढात दिसते ते सगळे धूर मानले तर अख्खा सह्याद्री पेटलेला आहे. परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरवावयाचे तर साखळी पूर्ण हवी आणि आरोपीच्या निर्दोषपणाशी जुळणारी दुसरी कोणतीही उपपत्ती शिल्लक राहता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सांगितले. आम्ही तो निकाल किती वेळा वाचून दाखविला असेल! गिअरबॉक्सच्या बाबतीत दुसरी उपपत्ती शोधण्याचे श्रम मात्र आम्ही घेतले नाहीत.

का घेतले नाहीत, याचे उत्तर मेस्तांचे बिल देताना सापडले. त्यांनी वस्तूंचे काहीच लावले नव्हते; पाऊण दिवसाच्या तपासणीची मजुरी तेवढी लावली होती. क्षणभर आमच्या मनात आले, 'एक बोल्ट आवळण्याचे एवढे?' आणि लगेच आठवले की आम्ही स्वतः सल्ल्याची फी घेतो, आणि कित्येकदा एका वाक्याच्या सल्ल्याची घेतो. गॅरेजवाले विचार करीत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. विचार करण्याचे बिल आम्ही देत नाही, भागाचे देतो. म्हणून ते भाग बदलतात. आरोपी तयार असला की तपासाचा खर्च वाचतो. गॅरेजमध्ये हा हिशेब दीड लाखांत मांडता येतो. माणसांच्या बाबतीत तो कोठेच मांडला जात नाही.

आता आमची साक्ष. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या कचेरीत एक वृद्ध कारकून होते. आमच्या गुरूंच्या वेळेपासूनचे; आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. सर्व प्रकरणांच्या तारखा ते लांब, तांबड्या कापडी बांधणीच्या वहीत लिहीत. आम्ही संगणक आणला, तारखा त्यात घालण्यासाठी एक तरुण मदतनीस नेमला. दोन महिन्यांत तात्या दर चार दिवसांनी टेबलापाशी येऊन उभे राहू लागले : "साहेब, या प्रकरणाची तारीख जुळत नाही." कधी जुळत असे, कधी नसे. प्रत्येक वेळी वाईट बातमी त्यांच्याच तोंडून येई. संगणक कधीच येऊन उभा राहत नसे. हळूहळू आमच्या मनात तारखांचा घोळ आणि तात्यांचा चेहरा एक झाले. वय झाले, दृष्टी मंदावली, नव्या पद्धतीचा राग आहे, अशी तीन कारणे आम्हीच शोधली आणि आम्हीच मान्य केली. एके दिवशी त्यांना म्हणालो, "तात्या, आता विश्रांती घ्या." त्यांनी वही टेबलावर ठेवली, छत्री घेतली आणि ते गेले.

त्यानंतर तक्रारी थांबल्या. आम्ही म्हणालो, पाहा, मूळ सापडले. दिवा विझला होता, एवढेच झाले होते. चार महिन्यांनी एका विधवेचा जमिनीचा दावा गैरहजेरीमुळे निकाली निघाला, कारण आमच्या संगणकात त्या दिवशी ती तारीखच नव्हती. दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज मंजूर झाला, पण त्या बाईचे एक वर्ष गेले. मग शोध घेतला. संगणक महिना आधी आणि दिवस नंतर वाचीत होता. पाच जुलै त्याला सात मे वाटे. बारा तारखेनंतरचा दिवस असला की महिना म्हणून वाचताच येत नाही, तेव्हा यंत्र आपोआप बरोबर वाची. म्हणून घोळ कधी होई, कधी नसे. तरुण बरोबर लिहीत होता, तात्या बरोबर पाहत होते. दोघांच्या मधला सांधा चुकीचा होता, आणि त्याच्याबद्दल बोलणारे जे एकमेव तोंड होते ते आम्ही घरी पाठविले होते.

हे कळल्यानंतरही तात्यांकडे जावयास आम्हांस दीड वर्ष लागले. तीही सदसद्विवेकबुद्धीची प्रेरणा नव्हे. साखळीहून परतताना, घाट चढत असता, आपण हे पूर्वी एकदा केले आहे असे जाणवले म्हणून. ते अनगोळला मुलाकडे राहतात. त्यांनी चहा करावयास सांगितला. आम्ही सगळे सांगितले, संगणकाचे, महिन्याचे, दाव्याचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. रागाचा एक शब्द नाही, क्षमेचाही नाही. शेवटी एवढेच विचारले, "आता तारखा बरोबर लागतात ना, साहेब?"

या प्रश्नाला आम्ही 'हो' म्हणालो. पण आमच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. आम्ही गेलो होतो ते बहुधा आमचा दिवा विझवून घ्यावयास. मोटारींच्या शास्त्रात यासंबंधी एक नियम आहे. गाड्या तपासणीस नेण्यापूर्वी लोक कोड पुसून टाकतात असे ध्यानात आल्यावर अमेरिकेत २०१० सालच्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने कायमचे कोड आणण्यात आले. हे स्कॅनरने पुसले जात नाहीत, बॅटरी काढूनही जात नाहीत. दोष खरोखर दूर व्हावा लागतो, आणि मग गाडी नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी चालत असताना तिनेच स्वतःची तपासणी करून तो दूर झाल्याची खात्री करून घ्यावी लागते. तेव्हाच नोंद जाते. आमच्या टेबलापाशी आजही कोणीतरी येऊन उभे राहते आणि म्हणते, 'साहेब, हे जुळत नाही.' त्या वेळी आम्ही वर पाहून त्याला खुर्ची देतो, की त्याच्या वयाचा आणि दृष्टीचा विचार करू लागतो, यावर आमच्या नोंदीचे काय ते ठरावयाचे आहे.